आयएचएफ हे जिवाणूतलं प्रथिन डीएनएला नुसतं वाकवतं. मग एवढं मोठं जोडकाम उभं कोण करतं?

उंडीचं झाड

नमस्कार. गणपतीला घरी आले आहे, मालवणच्या खाली, खाडीच्या काठाला. घरात रेंज म्हणून मिळत नाही. हे सड्यावर एका जांभ्या चिऱ्यावर बसून लिहिते आहे, एका हातात छत्री. उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या, आरतीची वेळ झाली की मला खाली पळावं लागतं.

एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, दुसरं वर्ष. सुट्टी संपल्या संपल्या सेमिनार. विषय माझा मीच मागून घेतला, डीएनए वाकवणारी प्रथिनं. घेताना वाटलं, चित्रं छान आहेत, सोपं जाईल. आता कुठे अडकले ते सांगते.

लॅम्डा हा ४८,५०२ बेसपेअरचा (बेसपेअर म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) विषाणू ई. कोलाय जिवाणूत शिरतो आणि कधी कधी आपला डीएनए जिवाणूच्या गुणसूत्रात घुसवून गप्प बसून राहतो. घुसवायचं काम विषाणूचंच एक प्रथिन करतं, इंटिग्रेज. कापणं तेच, सांधणं तेच. पण नळीत नुसतं इंटिग्रेज आणि डीएनए घातलं तर काही होत नाही. जिवाणूच्या पेशीतलं आणखी एक प्रथिन लागतं. हॉवर्ड नॅश यांच्या प्रयोगशाळेत यावर बरीच वर्षं काम झालं. त्या प्रथिनाचं नाव इंटिग्रेशन होस्ट फॅक्टर, आयएचएफ. ते कापत नाही, सांधत नाही. डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि त्याला १६० अंशांहून जास्त वाकवतं, म्हणजे जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतं. बस्स, एवढंच.

मग गुडमन आणि नॅश यांचा १९८९ चा पेपर हातात आला आणि गोंधळ वाढला. त्यांनी आयएचएफची बसायची जागा काढून टाकली आणि तिथे कॅप या प्रथिनाची जागा घातली. कॅप म्हणजे लॅक्टोज पचवणारी जनुकं चालू करायला मदत करणारं प्रथिन. रचनेत ते आयएचएफचं लांबचं नातेवाईकसुद्धा नाही. साम्य एकच, तेही डीएनए वाकवतं, ९० अंशांच्या आसपास. आणि काम झालं! पुढे १९९२ मध्ये त्यांच्याच गटाने एचयू हे तिसरं प्रथिन चालवून दाखवलं. त्याहून कहर म्हणजे मुळातच वाकडा असलेला डीएनएचा तुकडा त्या जागी घातला, तरी चाललं. म्हणजे तिथे प्रथिनाचीही गरज उरली नाही!

तर प्रश्न असे. एक, आयएचएफच्या जागी कोणीही चालतं, तर त्याने 'जोडकाम उभं केलं' म्हणजे नेमकं काय केलं? सगळीकडे 'आर्किटेक्चरल प्रोटीन', म्हणजे रचना उभारणारं प्रथिन, एवढंच लिहिलेलं असतं. मार्गदर्शक म्हणतात तेवढं लिही आणि पुढच्या स्लाइडला जा. मला जाता येत नाही. दोन, डीएनए तर धागा. ई. कोलायचा ४६ लाख बेसपेअरचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या वर भरतो आणि पेशी असते दोन मायक्रोमीटरची. तो आधीच गुंडाळून आत बसला आहे. मग त्याला आणखी वाकवायला खास माणूस कशाला?

हा पहिला प्रश्न खरं तर बाबांचा. बाबा होड्या बांधायचे. आता सगळ्यांना फायबरच्या हव्यात, म्हणून दुरुस्तीच जास्त. काल ते गणपतीवरची माटवी बांधत होते आणि मी खालून कवंडळं नि शेरवडं हातात देत होते. काय वाचतेस म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सुतळीची गाठ मारता मारता म्हटलं, "वाकवणारो एक आणि खिळो मारणारो दुसरो. मगे वाकवणाऱ्याचा काम थंयच संपला ना?" मला उत्तर देता आलं नाही.

सागरवेडा

इतका विचार कशाला. सोपं आहे. आयएचएफ म्हणजे गोंद. दोन लांबच्या गोष्टी जवळ आणून चिकटवतं. सेमिनारला एवढं पुरतं, मी माझ्या वेळी हेच सांगितलं होतं आणि पास झालो. गणपती बाप्पा मोरया.

खाजणातला खेकडा

सागरवेडा, पास झालात याचा आनंद आहे, पण गोंद नको. गोंद दोन्ही वस्तूंना चिकटतो. आयएचएफ इंटिग्रेजला धरूनच ठेवत असतं तर त्याच्या जागी कॅप बसवल्यावर सगळं कोसळायला हवं होतं. कॅप कुठून इंटिग्रेजला ओळखणार? १९८९ च्या प्रयोगाचं महत्त्व तेवढ्याचसाठी आहे. गोंदाची शक्यता त्याने निकालात काढली.

उंडीबाई, एम.एस्सी. म्हणालीस म्हणून अगंतुगं करतो. मी देवगडचा, सध्या पुण्यात, आयुष्य जेल ओतण्यात गेलं. तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला अर्धा सुटतो.

बंदरावर नांगराचा जाड दोर पडलेला असतो तो आठव. पन्नास वाव दोर वेटोळं घालून टोपलीत बसतो, कोणी त्याला कडक म्हणणार नाही. आता त्याच दोराचा वीतभर तुकडा काप आणि त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघ. मनगटं दुखतील, सोडलास की ताडकन सरळ होईल. दोर तोच. लांब असताना धागा आणि आखूड असताना काठी.

डीएनएच्या बाबतीत हा आकडा मोजलेला आहे, साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे १५० बेसपेअर. याहून बरीच मोठी लांबी घेतली तर डीएनए आपोआप, नुसत्या रेणूंच्या धक्क्यांनी, वळत फिरत राहतो. याच्या आत आलीस की तो काठी. ४६ लाख बेसपेअरचं गुणसूत्र पेशीत मावतं ते दोराच्या हिशोबाने. (आणि तेही आपोआप मावत नाही, पीळ आणि एचयूसारखी प्रथिनं तिथेही राबत असतात, पण तो फाटा आत्ता नको.) लॅम्डाच्या डीएनएवरची जोडणीची जागा मात्र सगळी मिळून २४० बेसपेअरच्या आसपास आहे आणि तिच्यातली एकमेकांना भेटायला हवीत अशी ठिकाणं काही दशक बेसपेअरवर आहेत. तिथे तुझ्या हातात दोर नाही, वीतभर तुकडा आहे. त्या अंतरावर डीएनए आपल्या मनाने यू-टर्न मारायची वाट बघत बसलीस तर विसर्जन होऊन जाईल.

आता पहिला प्रश्न. इंटिग्रेजला डीएनए धरायला दोन हात आहेत असं समज. एका हाताने ते बाजूच्या जागा धरतं, ती पकड घट्ट. दुसऱ्या हाताने, म्हणजे कापणाऱ्या भागाने, मधली जागा धरतं, जिथे प्रत्यक्ष कापाकापी व्हायची असते. ती पकड कच्ची. एकाच इंटिग्रेजने दोन्ही जागा एकदम धरल्या तर कच्ची पकडही पक्की होते. पण मध्ये ताठ काठी. आयएचएफची जागा कुठे आहे ते नकाशात बघ. बाजूची जागा आणि मधली जागा यांच्यामध्ये. ते तिथे बसतं, काठी मोडल्यासारखी वळवतं, आणि बाजूची जागा मधल्या जागेच्या शेजारी येऊन पडते. आता इंटिग्रेजचे दोन्ही हात पोचतात.

म्हणजे आयएचएफने कोणाला धरलं नाही, कोणाशी बोललं नाही. ज्यांना एकमेकांना भेटायचं होतं त्यांच्यामधलं अंतर मिटवलं. आमच्याकडे लग्न जमवणारे असतात ना, मुलगा त्यांचा नाही, मुलगी त्यांची नाही, फक्त दोन्ही घरं एका मांडवात आणायची.

यातली पैशांची बाजू मात्र सांगितलीच पाहिजे, पाठ्यपुस्तकं ती गाळतात. काठी वाकवायला ऊर्जा लागते. आयएचएफ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळत नाही. मग ऊर्जा कुठून? ते डीएनएला धरतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते त्यातलाच एक हिस्सा वाकवण्यावर खर्च होतो. म्हणजे जेवढं घट्ट बसता आलं असतं त्यापेक्षा ते थोडं कमी घट्ट बसतं, आणि तो फरक वाकण्याच्या रूपाने डीएनएमध्ये साठून राहतो. पुढे इंटिग्रेज येतं तेव्हा वाकवण्याचा हप्ता आधीच भरलेला असतो. हेच उलटंही चालतं. डीएनए आधीच कोणीतरी वाकवलेला असेल तर आयएचएफसारख्या प्रथिनाला तिथे बसणं स्वस्त पडतं. हे एकमेकांचं ओझं वाटून घेणं लक्षात आलं की 'आर्किटेक्चरल' या शब्दात जीव येतो.

वाकवतं कसं तेही बाबांना आवडेल. १९९६ मध्ये फीबी राइस, नॅश आणि सहकाऱ्यांनी आयएचएफ आणि ३५ बेसपेअरचा डीएनए यांच्या जोडीचा स्फटिक करून रचना काढली. आयएचएफ दोन साखळ्यांचं, अगदी छोटं. प्रत्येक साखळीतून एक लांब हात निघतो आणि डीएनएच्या अरुंद खाचेला मिठी मारतो. हाताच्या टोकाला एक प्रोलिन, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, एक अमिनो आम्ल. ते प्रोलिन दोन बेसपेअरच्या मधोमध घुसतं. पाचर! अशा दोन पाचरी, ९ बेसपेअरच्या अंतराने, आणि त्या दोन ठिकाणी डीएनए कडकन मुरडतो. उरलेलं वळण प्रथिनाच्या अंगावरचे धन भार करतात, डीएनएच्या ऋण कडा त्यांच्याकडे ओढल्या जातात.

पाचरीची युक्ती फक्त याचीच नाही. आपल्या पेशींत जनुक वाचायला सुरुवात करून देणारं टीबीपी डीएनएवर खोगिरासारखं बसतं आणि फेनिलअॅलानिनची पाचर मारून साधारण ८० अंश वाकवतं. लेफ-१ नावाचं प्रथिन मेथिओनिनची मारतं. एसआरवाय, म्हणजे गर्भाला पुरुष होण्याच्या वाटेला लावणारं, आयसोल्युसिनची. लाकूड वेगळं, पाचर तीच.

उंडीचं झाड

खेकडा दादा, काय सांगू. हे सगळं मी सड्यावरून स्क्रीनशॉट काढून नेलं आणि रात्री भजनी मंडळ यायच्या आधी बाबांना वाचून दाखवलं. दोराचं त्यांना आधीपासून ठाऊक होतं असा चेहरा केला. पाचर म्हटल्यावर मात्र चष्मा लावून चित्र बघितलं. मग म्हणाले, "ह्यो होडीतलो माणूस आसा."

मुळातच वाकड्या डीएनएबद्दल मात्र त्यांनीच मला शिकवलं. होडीच्या आतल्या फासळ्या असतात ना, त्या सगळ्या लाकूड वाकवून करत नाहीत. फळ्या वाकवतात, ओल्या करून, शेक देऊन, हळूहळू, दिवसभर. फासळ्यांसाठी मात्र बाबा रानात फिरून वाकडी फांदीच शोधायचे. पाहिजे तेवढ्या कोनात झाडानेच वाढवलेली. वाकवलेलं लाकूड परत सरळ व्हायला बघतं, वाकडं वाढलेलं बघत नाही. मी त्यांना म्हटलं, डीएनएतही तसंच आहे, पाच-सहा अॅडेनिन (डीएनएचं एक अक्षर) ओळीने, मग थोडं अंतर, पुन्हा पाच-सहा अॅडेनिन, असं दर १०-११ बेसपेअरला आलं की तो आपला आपण वाकडा वाढतो. गुडमननी रानातली फांदी आणून लावली, बाबा! त्यावर ते म्हणाले, मग सगळीकडे वाकडी फांदीच का लावत नाहीत, वाकवणारा कशाला ठेवलाय पगारावर?

मला वाटतं याचं उत्तर मला आलं. वाकडी फांदी कायमची वाकडी. वाकवणारा असेल तर कधी वाकवायचं हे पेशीला ठरवता येतं. आयएचएफचं प्रमाण पेशींची वाढ थांबत आली की वाढतं असं मी वाचलं आहे. बरोबर आहे का?

आणि बाबांचा पुढचा प्रश्न, हा खरोखर अवघड आहे. फळी वाकवून शिकंज्यात धरतात, खिळे मारतात, मग शिकंजा काढून पुढच्या फळीला लावतात. आयएचएफ शेवटी निघून जातं की आतच राहतं?

संकासूर

सगळे इतके एकमताने माना डोलवायला लागले की मला शिमग्यातला झाडू घेऊन आत शिरावंसं वाटतं. नाव उगाच नाही घेतलं.

'नुसतं वाकवणं पुरतं' हे वाक्य स्लाइडवर लिहिणार असशील तर तीन गोष्टी तपास.

वाकवणं म्हटलं की सगळे कोन बघतात, दिशा कोणी बघत नाही. डीएनएचा पीळ दर साडेदहा बेसपेअरला एक फेरा पूर्ण करतो. आयएचएफची जागा ५ बेसपेअर सरकवलीस तर ती अर्ध्या फेऱ्याने फिरते, वळण दुसऱ्याच बाजूला जातं आणि जी दोन टोकं जवळ यायची ती पाठ फिरवतात. १० सरकवलीस तर पुन्हा जवळजवळ त्याच बाजूला. बाबांना विचार, फळी आतल्या बाजूला वाकवण्याऐवजी बाहेर वाकवली तर होडी होईल का?

दुसरं, लेफ-१. गीझ, कॉक्स आणि ग्रोशेडल यांचं १९९२ चं काम वाच. टी-पेशी या प्रतिकारपेशींच्या रिसेप्टरचं अल्फा जनुक चालू करणारा डीएनएचा एक तुकडा, म्हणजे एन्हान्सर, त्याच्या मध्ये लेफ-१, दोन्ही बाजूंना इतर प्रथिनं. लेफ-१ मध्ये वाकवतं म्हणून बाजूची प्रथिनं एकमेकांशी जुळतात. एकटं लेफ-१ जनुकाला ढिम्म हलवत नाही. इथवर तुमच्या गोष्टीला पोषक. पण त्याच लेफ-१ मध्ये एक वेगळा भागही आहे जो जनुक चालू करायला हातभार लावतो, आणि तोही शेजारी योग्य असतील तरच. म्हणजे वाकवणं अधिक बोलणं. लग्न जमवणारा इथे जेवणावळीतही वाढायला उभा आहे. लॅम्डावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नकोस.

तिसरं, रचनेचं काम म्हणजे नेहमी वाकवणंच असंही नाही. इंटरफेरॉन-बीटा या विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या एन्हान्सरमध्ये डीएनए मुळात वाकडा आहे आणि एचएमजीए१ नावाचं प्रथिन तो सरळ करायला मदत करतं, तेव्हा कुठे बाकीचे नीट बसतात. फांदी वाकडी निघाली तर रंधा मारायलाही सुतारच लागतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने देतो, मनाविरुद्ध. एसआरवायमध्ये एक बदल सापडलेला आहे, ६४ व्या जागी मेथिओनिनऐवजी आयसोल्युसिन. एक्स-वाय गुणसूत्रं असूनही शरीर स्त्रीचं. हे बदललेलं प्रथिन डीएनएला जवळजवळ पूर्वीसारखंच धरतं, पण वाकवण्याचा कोन कमी पडतो. कोनाची किंमत एवढी असू शकते.

खाजणातला खेकडा

संकासूर, दिशेचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. मान्य. लग्न जमवणाऱ्याला जेवणावळीत उभं केलंत तेही आवडलं.

उंडी, वाढ थांबताना आयएचएफ वाढतं ते बरोबर आहे, आणि तुझं 'कधी वाकवायचं ते ठरवता येतं' हेही.

शिकंज्याचं उत्तर एकच नाही. लॅम्डात आयएचएफ जोडकामाचा भाग होऊन आतच राहतं, तिथे शिकंजा होडीतच सोडून दिल्यासारखं. आपल्या पेशींत डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांचं बघ, १४७ बेसपेअर आठ हिस्टोनच्या गोळ्याभोवती पावणेदोनच्या थोडे आत फेरे घालतात, तिथे शिकंजा हीच वस्तू. पण एचएमजीबी१ हे प्रथिन बाबांच्या शिकंज्यासारखं वागतं. ते कुठल्या ठरावीक क्रमावर अडून बसत नाही, पटकन येतं, पटकन जातं, आणि आधीच वाकलेला डीएनए दिसला की त्याला विशेष आवडतो. इतका की सिसप्लाटिन हे कर्करोगाचं औषध डीएनएला जिथे मुरडतं तिथेही हे जाऊन बसतं. आपल्या प्रतिकारपेशी अँटिबॉडीची जनुकं तुकड्यातुकड्यांनी जोडतात, तिथे कापणाऱ्या रॅग प्रथिनांना हेच वाकवून देतं.

आयएचएफला आणखी एक नोकरी आहे, सेमिनारमध्ये टाकलीस तर लोक जागे होतील. ई. कोलाय नव्या विषाणूचा तुकडा आपल्या क्रिस्परच्या यादीत, म्हणजे येऊन गेलेल्या विषाणूंच्या नोंदवहीत, लिहून ठेवतो, तेव्हा तो यादीच्या सुरुवातीलाच लिहिला जावा म्हणून आयएचएफ तिथला डीएनए वाकवून कॅस१-कॅस२ या लिहिणाऱ्या प्रथिनांना जागा दाखवतं. ज्या विषाणूला घुसायला मदत करतं त्याच विषाणूंविरुद्धची वही लिहायलाही तेच.

हीरखराटा

मी रत्नागिरीकडे शिकवते. कोणी तुला प्रयोगाचं विचारलं नाही, पण परीक्षक हमखास विचारतील, 'वाकलं हे तुम्हाला कसं कळलं?' स्फटिक सगळ्यांना करता येत नाही. बहुतेक काम साध्या पॉलिअॅक्रिलामाइड जेलवर झालेलं आहे, म्हणजे विजेने डीएनएचे तुकडे ज्यातून ओढतात त्या बारीक जाळीवर.

सारख्याच लांबीचे तुकडे घ्यायचे. एकात प्रथिनाची जागा टोकाला, एकात पाव अंतरावर, एकात मधोमध. प्रथिन घालून जेलवर सोडायचं. लांबी तीच, प्रथिन तेच, वजन तेच, तरी मधोमध वाकलेला सगळ्यात मागे राहतो आणि टोकाला वाकलेला सगळ्यात पुढे जातो. हे वू आणि क्रॉथर्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं, लीशमानिया या परजीवीच्या मुळात वाकड्या डीएनएवर प्रथिनाशिवाय, आणि कॅप बसलेल्या डीएनएवरही.

वर्गात दाखवायचं तर मी हीर वापरते. झावळीचे दोन सारखे हीर, एक मध्ये मुडपायचा, एक टोकाशी. जुन्या जाळ्याच्या घडीतून ओढायचे. मध्ये मुडपलेला प्रत्येक डोळ्यात अडकतो. पोरांना समीकरणापेक्षा हे लक्षात राहतं.

एक सावधगिरी. जेलला वाकलेला डीएनए आणि मधेच लुळा पडलेला डीएनए यांतला फरक नीट सांगता येत नाही, दोन्ही मागे राहतात. म्हणून आणखी एक प्रयोग करतात. माहीत असलेलं एक वळण शेजारी ठेवतात आणि दोघांमधलं अंतर बेसपेअर-बेसपेअरने बदलत जातात. दोन्ही वळणं एकाच बाजूला आली की तुकडा जास्त रेंगाळतो, विरुद्ध बाजूला गेली की कमी. लुळ्याला दिशा नसते, म्हणून तिथे असा चढउतार मिळत नाही. संकासुरांचा साडेदहाचा हिशोब इथे डोळ्यांना दिसतो.

मी हे एम.फिल.ला करत असताना जेल अर्धा धावला आणि लाईट गेली. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. पट्ट्या पसरून सगळ्यांचा एकच ढग झाला. मार्गदर्शकांनी तो फोटो पाच वर्षं भिंतीवर लावून ठेवला होता. जेल थंड खोलीत लाव आणि श्रावणात लावू नकोस.

उंडीचं झाड

सगळ्यांना धन्यवाद, आज गौरी गेल्या, आता जरा वेळ मिळाला.

हिराचा प्रयोग करून बघितला. बाबांचं जुनं जाळं पडवीत होतंच. मधला हीर खरंच अडकतो. मग मला सुचलं म्हणून तिसरा हीर मध्ये मुडपण्याऐवजी ठेचून लुळा केला. तोही अडकला! हीरखराटा मॅडम, तुमची सावधगिरी हिरालाही लागू आहे. दिशेचं दाखवायला एका हिराला दोन ठिकाणी मुडपलं, एकदा दोन्ही एकाच बाजूला, एकदा उलटसुलट. उलटसुलटवाला सुळकन निघाला, एकाच बाजूचा जाळ्यात कडीसारखा गुंतला आणि दोन डोळे फाडले. बाबांनी काही म्हटलं नाही, सुई आणून दिली.

स्लाइड बदलली. 'आर्किटेक्चरल प्रोटीन' ही स्लाइड काढली नाही, मार्गदर्शकांना दिसली पाहिजे, पण तिच्या आधी दोर आहे आणि तिच्यानंतर पाचर. संकासूर, तुमचा इंटरफेरॉन-बीटा शेवटी ठेवला आहे, कोणी 'म्हणजे नुसतं वाकवणं' म्हणालं की काढणार.

बाबांना शिकंज्याचं उत्तर वाचून दाखवलं. लॅम्डात तो आतच राहतो हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. म्हणाले, एवढे शिकंजे होडीत सोडत गेलो असतो तर दुसरी होडी कशाने बांधली असती? मी म्हटलं, जिवाणू नवीन शिकंजे करतो. त्यावर, "मगे त्येका लोखंड फुकट गावता."

परवा रात्रीच्या गाडीने परत. हीर घेऊन जाते आहे, तीस-चाळीस, वर्तमानपत्रात गुंडाळून. खराट्यातूनच काढलेत. आईला अजून सांगितलेलं नाही.